विश्लेषण : पावसाआधीच पालवी कशी फुटते? झाडांच्या जनुकांत दुष्काळ आणि ऋतूंचे वेळापत्रक कसे असते?

दहिसर पूर्वेच्या केतकीपाड्याकडून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्या फेब्रुवारीत पाहिल्या तर जंगल वाळून गेल्यासारखे दिसते. पण पाऊस अजून दोन-अडीच महिने लांब असतानाच, मार्च-एप्रिलच्या रणरणत्या उन्हात, याच टेकड्यांवर कुसुमाची तांबडी पालवी फुटते. साग मात्र बराच काळ उघडाच उभा राहतो. आणि खाली सोसायटीच्या गेटवरची मोरपंखी बाराही महिने हिरवी असते. हवा तीच, ऊन तेच. मग तीन झाडांचे तीन तऱ्हेचे वागणे का? याचे उत्तर झाडांच्या जनुकांत आहे. दर पावसाळ्यात लावली जाणारी रोपे जगणार की मरणार, हेही बरेचसे त्यावर ठरते.

दहिसरच्या जंगलात उन्हाळ्यात नेमके काय होते?

राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे. दहिसर नदी याच डोंगरात, तुळशी तलावाच्या परिसरात उगम पावते आणि बोरिवली, दहिसरमधून मनोरी खाडीला मिळते. मुंबईच्या उपनगरांत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरीही येथील जंगल प्रामुख्याने पानझडीचे आहे. कारण हा जवळपास सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेले आठ महिने आकाशातून जवळजवळ काहीच येत नाही.

म्हणजे झाडाच्या दृष्टीने पाहिले तर दहिसरमध्ये दर वर्षी एक ठरलेला दुष्काळ असतो. सरकारदरबारी तो जाहीर होत नाही, पण साग, ऐन, पळस, पांगारा, काटेसावर, कांडोळ, खैर या सगळ्यांना तो चुकवता येत नाही. काटेसावर आणि पळस पाने झाडून फुलतात. कुसुम पाऊस येण्याची वाट न बघता नवी पालवी काढतो. साग उन्हाळ्याच्या अखेरीस, वळिवाच्या किंवा पहिल्या पावसाच्या सुमारास पाने काढतो आणि पावसाळ्यात फुलतो. एकाच डोंगरावर एकाच दुष्काळाला दिलेली ही वेगवेगळी उत्तरे आहेत.

पाने गळणे म्हणजे झाड आजारी पडणे का?

नाही. मुळांनी जमिनीतून ओढलेल्या पाण्यापैकी ९५ टक्क्यांहून अधिक पाणी पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून, म्हणजे पर्णरंध्रांतून, वाफ होऊन उडून जाते. अन्न तयार करण्यासाठी हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा तर ही छिद्रे उघडावीच लागतात, आणि उघडली की पाणी जाते. जमिनीत ओल असेपर्यंत हा व्यवहार परवडतो. ओल संपली की पान हा झाडाच्या दृष्टीने सर्वात मोठा खर्च ठरतो.

त्यामुळे झाड पाने टाकते, पण तेही पद्धतशीर. आधी पानातील नत्र आणि स्फुरद यांसारखी मौल्यवान द्रव्ये खोडाकडे परत घेतली जातात. मग देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर तयार असतो, तिथली जनुके कामाला लागतात. ती पेशींच्या भिंती विरघळवणारी विकरे बनवतात आणि पान अलगद सुटते. पान गळणे ही जिवंत झाडाने केलेली क्रिया आहे. म्हणूनच तुटलेल्या किंवा मेलेल्या फांदीवरची पाने वाळतात, पण बराच काळ गळत नाहीत. ती गाळणारी यंत्रणाच बंद पडलेली असते.

मग पाऊस नसताना चैत्रपालवी कशी फुटते?

मराठी माणसाला चैत्रपालवी नवी नाही. पण वनस्पतिशास्त्रज्ञांसाठी ते एक कोडे होते. सर्वात कोरड्या, सर्वात तापलेल्या दिवसांत झाडाने नवी, कोवळी, भरपूर पाणी लागणारी पाने का काढावीत? स्टीफन इलियट, पॅट्रिक बेकर आणि रॉल्फ बोरशर्ट या संशोधकांनी २००६ मध्ये आशियातील मोसमी जंगलांवरच्या शोधनिबंधात या कोड्याची उकल मांडली. त्यांच्या मते या झाडांना इशारा देतो तो वाढत जाणारा दिवस.

दहिसरच्या अक्षांशावर डिसेंबरच्या अखेरीस दिवस सुमारे ११ तासांचा असतो, तर जूनच्या अखेरीस सुमारे सव्वातेरा तासांचा. २१ मार्चच्या आसपास दिवस-रात्र समान होतात आणि पुढे दिवस मोठा होत जातो. पाऊस एखाद्या वर्षी लवकर येतो, एखाद्या वर्षी लांबतो. दिवसाची लांबी मात्र कधीच चुकत नाही. पाने गळल्यामुळे खर्च थांबलेला असतो, खोल मुळे उरलीसुरली ओल वर आणतात, खोडात पाणी पुन्हा भरते. तेवढ्या शिलकीवर झाड पालवी काढते. पहिला पाऊस पडतो तेव्हा पाने काम सुरू करायला तयार असतात.

याचा आणखी एक फायदा भारतातच दिसला. तमिळनाडूतील मुदुमलाईच्या जंगलात के. एस. मुरली आणि रमण सुकुमार यांनी केलेल्या अभ्यासात, कोरड्या दिवसांत पालवी काढणाऱ्या झाडांची पाने किड्यांनी कमी खाल्ल्याचे आढळले. हा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. पाऊस पडला की किड्यांची संख्या वाढते. तोवर ही पाने जून झालेली असतात.

झाडाला ‘पाणी संपते आहे’ हे कळते कसे?

झाडाला मेंदू नाही, पण संदेशयंत्रणा आहे. पाण्याची ओढ वाढली की झाडात ॲबसिसिक आम्ल नावाचे संप्रेरक तयार होऊ लागते. शास्त्रज्ञ त्याला थोडक्यात ‘एबीए’ म्हणतात. हे संप्रेरक १९६०च्या दशकापासून माहीत होते, पण पेशीत ते नेमके कोण ओळखते हे २००९ मध्ये उलगडले.

ही यंत्रणा गाडीच्या हँडब्रेकसारखी समजता येते, फक्त उलट्या बाजूने. एरवी पेशीत एक प्रथिन दुष्काळाची यंत्रणा दाबून धरते. एबीए आले की ते ग्राही प्रथिनाला चिकटते आणि ही जोडी त्या दाबणाऱ्या प्रथिनालाच पकडून ठेवते. दाब सुटला की पुढची साखळी मोकळी होते. ती दोन कामे करते. पहिले काम काही मिनिटांचे : पर्णरंध्रांभोवतीच्या पेशींतून क्षार आणि पाणी बाहेर पडते, त्या सैल होतात आणि छिद्र मिटते. दुसरे काम काही तासांचे आणि दिवसांचे : पेशीच्या केंद्रकात शेकडो जनुके चालू किंवा बंद होतात. त्यातून पेशीतील प्रथिनांना आणि पटलांना कोरडेपणापासून जपणारी प्रथिने तयार होतात, काही साखरेचे रेणू साठवले जातात, मुळे आणि फांद्यांची वाढ बदलते.

ही साखळी मोहरीच्या कुळातील छोट्या रोपांपासून साग, देवदार, पाइनपर्यंत सर्वत्र थोड्याफार फरकाने सापडते. म्हणजे हत्यारे साधारण तीच आहेत. कोणते हत्यार कधी, किती वेळ आणि किती जोराने वापरायचे, यात झाडे वेगळी ठरतात.

मोरपंखी आणि ख्रिसमस ट्री यांचा इथे काय संबंध?

चीड, देवदार, पाइन, स्प्रूस अशा शंकू धरणाऱ्या झाडांना सूचिपर्णी म्हणतात. त्यांना फुले येत नाहीत. बी फळात न वाढता शंकूच्या खवल्यावर उघडे वाढते. महाराष्ट्राच्या जंगलांत ही झाडे दिसत नाहीत. दक्षिण भारतात नैसर्गिकपणे वाढणारा सूचिपर्णी एकच मानला जातो, तो म्हणजे नागेया. तोही सह्याद्रीच्या पार दक्षिणेकडच्या ओल्या जंगलात.

तरीही दहिसरमध्ये सूचिपर्णी जागोजागी आहेत. शाळेच्या वहीत ‘विद्या’ म्हणून जिची पाने ठेवली जातात ती मोरपंखी सूचिपर्णी आहे. ती सायप्रसच्या कुळातली असून तिचे मूळ घर चीनकडचे. डिसेंबरमध्ये नर्सरीत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून विकले जाणारे, थर-थर फांद्यांचे झाड म्हणजे अरौकेरिया. त्याच्या कुंडीत वाढणाऱ्या जाती दक्षिण प्रशांत महासागरातील नॉरफोक आणि न्यू कॅलेडोनिया या बेटांकडून जगभर गेल्या.

आणि किनाऱ्यावरचा सुरू? सुईसारख्या पानांमुळे आणि छोट्या बोंडांमुळे तो सूचिपर्णी वाटतो, पण नाही. सुरू हे फुले येणारे झाड आहे. त्याच्या ‘सुया’ म्हणजे खरे तर हिरव्या काड्या. खरी पाने त्या काड्यांच्या सांध्यांवर बारीक खवल्यांसारखी उरली आहेत. कमी पाण्यात जगण्याच्या गरजेतून दोन वेगळ्या घराण्यांनी सारखाच वेश घेतला, एवढेच.

सूचिपर्णी झाडे पाने न गाळता दुष्काळ कसा काढतात?

बहुतेक सूचिपर्णी एकच पान अनेक वर्षे वापरतात. त्यामुळे ‘पाने टाका आणि झोपा’ हा सागाचा मार्ग त्यांना नसतो. टास्मानियातील टिमोथी ब्रॉड्रिब, स्कॉट मॅकॲडम आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवले की कोरड्या प्रदेशांशी जुळवून घेताना सूचिपर्णींनी दोन वेगळे रस्ते धरले.

पहिला रस्ता पाइन आणि अरौकेरियाच्या कुळांचा. दुष्काळ लांबला तरी त्यांच्या पानातील एबीए वाढतच राहते. छिद्रे घट्ट मिटलेली राहतात, पाणी वाचते. पण अन्न बनवणेही थांबते, आणि झाड साठ्यावर जगते.

दुसरा रस्ता सायप्रसच्या कुळातील अनेक जातींचा, म्हणजे मोरपंखीच्या नातलगांचा. त्यांच्यात एबीए सुरुवातीला वाढते आणि दुष्काळ तीव्र झाला की उलट कमी होते. तोपर्यंत पान इतके कोरडे झालेले असते की छिद्रे त्यामुळेच मिटतात. हे धाडस त्यांना परवडते, कारण त्यांच्या लाकडातील पाण्याच्या नळ्या फार चिवट असतात. पाणी कमी असताना या नळ्यांत जबर ओढ निर्माण होते आणि हवेचा बुडबुडा शिरला की ती नळी निकामी होते. ऑस्ट्रेलियातील कॅलिट्रिस या सायप्रसच्या कुळातल्या झाडाची एक जात १८.८ मेगापास्कलइतकी ओढ आल्यावरच तिच्या वहनक्षमतेचा निम्मा भाग गमावते, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. मोटारीच्या टायरमधील हवेच्या दाबाच्या तुलनेत ही ओढ सुमारे ८५ पट आहे.

सोसायटीच्या गेटवर शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन कुंड्यांत म्हणजे दुष्काळाशी झुंजण्याचे दोन वेगळे वारसे उभे असतात.

त्यांच्या जनुकसंचातून काय कळले?

सूचिपर्णींचा जनुकसंच वाचणे अनेक वर्षे अवघड होते, कारण तो प्रचंड आहे. माणसाच्या जनुकसंचात सुमारे ३०० कोटी अक्षरे आहेत. स्वीडनमधील संशोधकांच्या पुढाकाराने २०१३ मध्ये वाचलेल्या नॉर्वे स्प्रूसच्या जनुकसंचात सुमारे २,००० कोटी, तर अमेरिकेत २०१४ मध्ये वाचलेल्या लोब्लॉली पाइनच्या जनुकसंचात सुमारे २,२०० कोटी अक्षरे निघाली. पण कामाची जनुके या प्रमाणात वाढलेली नाहीत. नॉर्वे स्प्रूसमध्ये ती सुमारे २८ हजार आढळली. बाकी बहुतांश भाग एकाच मजकुराच्या पुन्हा पुन्हा झालेल्या नकलांचा आहे.

याउलट सागाचा जनुकसंच आटोपशीर आहे. कोइमतूरच्या वन आनुवंशिकी आणि वृक्ष प्रजनन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये त्याचा आराखडा प्रसिद्ध केला. तो सुमारे ३१.७ कोटी अक्षरांचा होता, म्हणजे माणसाच्या जनुकसंचाच्या साधारण एक दशांश. जनुकसंच मोठा म्हणजे झाड अधिक सक्षम, असे त्यामुळे म्हणता येत नाही.

एकाच जातीची झाडे सगळीकडे सारखीच वागतात का?

या विषयातला सर्वात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि उत्तर ‘नाही’ असे आहे. नॉर्वे स्प्रूसची उत्तरेकडील झाडे रात्र थोडी मोठी होताच वाढ थांबवून कळ्या मिटतात. दक्षिणेकडील झाडे त्यापेक्षा बरीच मोठी रात्र होईपर्यंत वाढत राहतात. दोन्हींची रोपे एकाच शेतात शेजारी लावली तरी हा फरक टिकतो. म्हणजे तो मातीचा नाही, वारशाचा आहे. एकाच जातीत गावोगावी वेगळे वेळापत्रक असते.

कॅनडाच्या पश्चिम भागातील लॉजपोल पाइन आणि स्प्रूस या दोन झाडांचा सॅम येमन आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला. या दोघांचे पूर्वज सुमारे १४ कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले. तरीही स्थानिक हवामानाशी, विशेषतः थंडीशी, जुळवून घेताना दोघांनी स्वतंत्रपणे वापरलेली ४७ जनुके सारखी निघाली. २०१६ मधील हा निष्कर्ष सांगतो की हवामानाशी जमवून घ्यायला निसर्गाकडे अगणित मार्ग नाहीत. काही ठरावीक जनुकांवरच पुन्हा पुन्हा काम होते.

त्याहून चकित करणारी गोष्ट नॉर्वेत आढळली. स्प्रूसच्या त्याच आई-बापापासून उष्ण जागी तयार झालेल्या बियांची रोपे, थंड जागी तयार झालेल्या बियांच्या रोपांपेक्षा उशिरा कळ्या मिटतात. जनुकांची अक्षरे तीच, पण बी धरताना आईने जे हवामान अनुभवले त्याची खूण रोपात उरते. जनुकांवर असे ‘चालू-बंद’चे शेरे राहतात, त्याला अधिजनुकीय स्मृती म्हणतात.

दहिसर पश्चिमेच्या खारफुटीलाही दुष्काळ असतो का?

असतो, आणि तो पाण्यात उभे राहून. रेल्वेमार्गाच्या पश्चिमेला खाडीकडे तिवराची झाडे दिवसातून दोनदा भरतीचे पाणी पाहतात. पण ते पाणी खारे असते. मातीतील मीठ पाणी धरून ठेवते आणि मुळांना ते ओढून घेणे अवघड जाते. पेशीसाठी हा एक प्रकारचा दुष्काळच असतो. म्हणूनच डोंगरावरच्या सागाच्या आणि खाडीतल्या तिवराच्या पेशींत एबीएच्या त्याच साखळीला काम असते. तिवराने त्यात भर घातली आहे ती मीठ हाताळण्याची. मुळे काही मीठ बाहेरच अडवतात, आणि पानांवरील ग्रंथी आत आलेल्या मिठापैकी सुमारे ४० टक्के बाहेर टाकतात. उन्हाळ्यात तिवराच्या पानावर बोट फिरवले तर मिठाचे कण हाताला लागतात.

भुवनेश्वरची इन्स्टिट्यूट ऑफ लाइफ सायन्सेस आणि तमिळनाडूतील एसआरएम संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये तिवराचा जवळजवळ पूर्ण जनुकसंच प्रसिद्ध केला. तो सुमारे ४६ कोटी अक्षरांचा असून ३१ गुणसूत्रांत मांडलेला आहे. खारट जमिनीत आणि कमी पाण्यात तग धरणारी पिके तयार करण्यासाठी त्यातील जनुके उपयोगी पडू शकतात. दहिसर–भाईंदर जोडरस्ता आणि वर्सोवा–भाईंदर सागरी मार्ग यांच्या निमित्ताने खारफुटीच्या तोडीची आणि भरपाई लागवडीची चर्चा होते, तेव्हा हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो. खाडीतल्या एका झाडाच्या बदल्यात कोरड्या जमिनीवर लावलेले दुसरे झाड हिशेबाच्या कागदावर बरोबरीचे असते, वारशात नसते.

हवामान बदलले, तर झाडांचे वेळापत्रक पुरे पडेल का?

झाडे याआधीही मोठे दुष्काळ पाहत आली आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील एच. पी. बोरगावकर आणि सहकाऱ्यांनी दक्षिण भारतातील सागाच्या ५२३ वर्षांच्या वलयांची नोंद २०१० मध्ये प्रसिद्ध केली. पाऊस कमी पडला त्या वर्षांचे वलय अरुंद. एल निनोशी जोडलेल्या दुष्काळांच्या खुणा त्यात दिसल्या. म्हणजे सागाने पाच शतके वाईट वर्षे काढली.

पण प्रत्येक यंत्रणेला मर्यादा असते. अमेरिकेच्या कॅलिफोर्नियात २०१० ते २०१७ या काळात सुमारे १२.९ कोटी झाडे मेल्याचे तेथील वन विभागाने सांगितले. त्यात मोठा वाटा सूचिपर्णींचा होता. दुष्काळ आणि उष्णता एकत्र आली, छिद्रे मिटलेल्या पाइनमध्ये डिंक बनवायला ताकद उरली नाही, आणि एरवी डिंकात अडकून मरणाऱ्या साल-भुंग्यांनी झाडे पोखरली.

अडचण वेगाची आहे. एखाद्या रोपाचे झाड होऊन त्याला बी यायला अनेक वर्षे लागतात. म्हणून जनुकांतील निवड पिढ्यान्‌पिढ्या चालते. पाऊस लांबणे आणि उष्णता वाढणे मात्र एका झाडाच्या आयुष्यातच घडते आहे. दिवसाच्या लांबीवर पालवी काढणारे झाड आपले घड्याळ बदलणार नाही. पाऊस तीन आठवडे उशिरा आला, तर त्या कोवळ्या पानांना तेवढे दिवस शिलकीवर काढावे लागतील.

मग वृक्षारोपण करताना काय पाहायला हवे?

राज्यात २०१६ ते २०१९ या काळात वृक्षलागवडीची उद्दिष्टे २ कोटी, ४ कोटी, १३ कोटी आणि ३३ कोटी अशी वाढत गेली. संख्या मोजणे सोपे असते. पण वरील संशोधनातून संख्येइतकाच दुसरा प्रश्न पुढे येतो : बी कुठले?

एक, बियांचे गाव. दहिसरच्या टेकड्यांवर लावायच्या सागाचे किंवा कुसुमाचे बी शक्यतो त्याच पर्जन्यमानाच्या पट्ट्यातील झाडांचे हवे. जात एक असली तरी वेळापत्रक वेगळे असू शकते. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २०१८ पासून एक पाऊल पुढे टाकले आहे. तिथे बी निवडताना जवळचे गाव नव्हे, तर लागवडीच्या जागी पुढे येऊ घातलेले हवामान पाहिले जाते.

दोन, बियांची विविधता. बी एकाच डेरेदार झाडाखालून गोळा करणे सोपे जाते, पण त्यातून सगळी रोपे भावंडे होतात. एकमेकांपासून दूर असलेल्या किमान २५-३० झाडांचे बी एकत्र करावे, असा वनशास्त्रातील सर्वसाधारण दंडक आहे. ऊतीसंवर्धित रोपांबाबत तर ही काळजी अधिक हवी. सागाचे ऊतीसंवर्धन पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत ए. एफ. मस्कारेन्हास आणि सहकाऱ्यांनी केले आणि त्याचा शोधनिबंध १९८० मध्ये आला. उत्तम झाडाच्या हुबेहूब प्रती काढण्याचे ते मोठे तंत्र आहे. पण हुबेहूब प्रतींची कमकुवत बाजूही हुबेहूब असते. एक झाड ज्या दुष्काळात मरेल, त्यात सगळी मरतील.

तीन, रोपाची तयारी. रोपवाटिकेतून निघण्याआधी काही आठवडे सावली आणि पाणी हळूहळू कमी करून रोपे कणखर करण्याची पद्धत आहे. त्या सौम्य ताणाने दुष्काळाची जनुके एकदा चालू होऊन जातात. खऱ्या दुष्काळात असे रोप लवकर सावरते.

चार, मोजणीची वेळ. जुलैत लावलेले रोप ऑगस्टमध्ये हिरवे दिसणारच. त्याची परीक्षा ऑक्टोबरच्या उकाड्यात सुरू होते आणि मेअखेर संपते. लावलेल्या रोपांचा हिशेब दुसऱ्या जूनमध्ये घेतला तरच तो खरा.

सोसायटीतील रहिवाशांनी काय लक्षात ठेवावे?

उन्हाळ्यात पाने गळलेले झाड मेलेले समजून ते तोडण्याचा अर्ज करू नये. बारीक फांदीची साल नखाने किंचित खरवडून पाहावी. आत हिरवे आणि ओलसर असेल तर झाड जिवंत आहे. फांदीवर वाळलेली पाने चिकटून राहिली असतील आणि आत तपकिरी कोरडे असेल, तर ती फांदी गेलेली असण्याची शक्यता जास्त. अशा वेळी महापालिकेच्या उद्यान विभागाला कळवावे.

पानझडीच्या मोठ्या झाडांच्या बुंध्याशी सिमेंट किंवा पेव्हर ब्लॉक घट्ट बसवू नयेत. आठ कोरड्या महिन्यांची शिदोरी पावसाळ्यात त्याच मातीतून आत जाते. मोरपंखी आणि ख्रिसमस ट्री उन्हाळ्यात कुंडीत असतील तर त्यांना नियमित पाणी हवेच. दुष्काळ काढायची त्यांची ताकद जमिनीत पसरलेल्या मुळांच्या भरवशावर असते, दहा इंची कुंडीच्या नव्हे. पावसाळ्यात मात्र कुंडीच्या तळाचे छिद्र मोकळे असावे. साचलेल्या पाण्यात मुळे गुदमरली की झाड तहानेने मरते तसेच वाळत जाते.

आणि येत्या पावसाळ्यात सोसायटीत रोपे वाटली जातील, तेव्हा ‘कोणते झाड’ या प्रश्नानंतर ‘कुठल्या बियांचे’ हाही प्रश्न विचारावा. रोपवाटिकेला उत्तर माहीत असेल, तर ते रोप पुढच्या जूनपर्यंत पोहोचण्याची शक्यता वाढते.